माझ्या चार नाती

गल्लीचे नियम बघणाऱ्या साहेबांस,

आमच्या गल्लीत घरचीच माणसं राहावीत, कॉलेजची पोरं भाड्यानं ठेवू नयेत, हा नियम तुम्ही केलात तो माझ्याच अर्जावरून. समोरच्या सुताराकडची भाडेकरू पोरं जिन्यात गिटार बडवायची, म्हणून घरोघर फिरून सह्या मीच गोळा केल्या.

काल तुम्ही तपासणीला माझ्या दारात आलात. दोरीवर चार पोरींचे कपडे वाळत होते.

"आजी, या कोण?"

मी म्हटलं, "नाती."

साहेब, मला एकच मुलगा, त्याला मूलबाळ नाही. मागच्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात पडले, तेव्हा कॉलेजातली एक सोबतीला ठेवली. तिनं आणखी तिघी आणल्या. आता त्या माझी बोलणी खातात आणि मला उठवून बसवतात.

तुम्हाला पटेना. तुम्ही सुतारालाच हाक मारलीत. उद्या त्याची सुनावणी, साक्ष माझी, आणि त्याच्या वरच्या मजल्याला सील लागणार.

तो म्हणाला, "नातीच आहेत साहेब. चष्मेवाली तर आजीसारखीच तोंडाळ." आणि माझ्याकडे न बघता रंधा मारायला लागला.

त्यापेक्षा मेल्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पत्र मी पाठवणार नाही, नाहीतर पोरी रस्त्यावर येतील. उद्या अकराला कचेरीत येते. त्याच्या पोरांबद्दल विचारलंत की सांगेन, भाचे आहेत त्याचे. गिटारवाला तर मामासारखाच ठोकाठोकी करतो.

तुमची साक्षीदार,
चौघींची आजी