भामाकाकूंच्या उखाण्यांच्या सीडीवर त्यांचाच चेहरा छापण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
मराठी स्नेहमेळा मंडळ,
अंबरपेठ, हैदराबाद.

विषय : संक्रांतीच्या वाणाच्या चाळीस सीडी नष्ट न करणे व नव्या सीडी छापण्यासाठी घरगुती प्रिंटरच्या निवडीस मान्यता मिळणे.

संदर्भ : सर्व सीडी परत मागवून नष्ट करण्याबाबत सूचनाफलकावरील आपली सूचना, दि. २ फेब्रुवारी २००६.

महोदय,

मी मंडळाची सभासद असून आपल्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. हा विषय मी परवा जिन्यात काढला असता, मंडळाचे काम जिन्यात बोलायचे नाही, लेखी द्या, असे आपण म्हणालात. म्हणून एक मजला खाली येण्याऐवजी हा अर्ज रीतसर आपल्या पत्रपेटीत टाकीत आहे.

१. यंदा वाण आणण्याची पाळी माझी होती. आजवर मंडळाच्या हळदीकुंकवात मला सात चहागाळण्या आणि पाच साबणाच्या डब्या मिळाल्या आहेत. आठवी गाळणी माझ्या हातून कोणाला जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. त्यातून सीडीची कल्पना निघाली. आपल्या मातोश्री, म्हणजे आम्हा सर्वांच्या भामाकाकू, यांना त्रेसष्ट उखाणे पाठ आहेत आणि सगळे त्यांनी स्वतः रचलेले आहेत. ते आमच्या ह्यांच्या कॉम्प्युटरवर चार दुपारी रेकॉर्ड केले. पार्श्वभूमीला मटार सोलल्याचा आवाज येतो, तो माझा आहे, त्याबद्दल क्षमस्व. नमुन्यादाखल उखाणा क्रमांक सतरा खाली देत आहे :

मलकपेठच्या रेसला घोडे धावले सात,
उमाजीराव हरून आले, तरी वाढला दूधभात.

२. सीडीवर नाव कसे घालावे, हा पहिला पेच. मी स्केचपेनने सुरेख अक्षरात 'भामाबाईंचे उखाणे' लिहून दाखवले. काकू म्हणाल्या, मला कुठं वाचता येतंय, माझं तोंडच छाप की. आपले चिरंजीव तेजस जवळच होते. ते इंग्रजी माध्यमाचे असल्याने त्यांनी माझे सुरेख अक्षर वाचायला सव्वा मिनिट घेतले आणि शेवटी, "आँटी, आजीचा फोटोच लावा ना, नक्को ये लिखाई," असे मत दिले. आजीला अक्षरओळख नाही आणि नातवाला मराठी अक्षराची नाही. तेव्हा दोघांनाही कळेल असा एकच मजकूर उरतो, तो म्हणजे काकूंचा चेहरा.

३. यानंतर माझ्या हातून चूक झाली, ती कबूल करते. घरच्या साध्या प्रिंटरवर गोल कागदी स्टिकर छापून मी ते सीडींवर चिकटवले. प्लेअर तापला की स्टिकरचा डिंक सुटतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मंडळाचे सभासद हिम्मतराव यांच्या प्लेअरमध्ये काकू अडकल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या नव्या कोऱ्या प्लेअरमध्येही अडकल्या. मेकॅनिकने स्टिकर खरवडून सीडी मोकळी केली, त्यामुळे आपल्या घरची सीडी आता बोडकी आहे. आपला संताप रास्त होता, मात्र सबंध जिना ऐकेल एवढा नसता तरी चालला असता.

४. दुसरा दोष मात्र माझा नाही व प्रिंटरचाही नाही. वाण देण्याआधी त्याला हळदीकुंकू लावायची आपली रीत आहे. गाळणीला लावले तर बिघडत नाही. भगिनींनी काकूंचा चेहरा खराब होऊ नये म्हणून अगदी मायेने सीडी उलटी केली आणि चकचकीत बाजूला बोटे टेकवली. आवाज त्याच बाजूला असतो! एकतीस सीडी अशा पूजल्या गेल्या. मऊ कापसाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसले की कुंकू निघते, हळद थोडी राहते, पण उखाणे सुरू होतात. फक्त काही ठिकाणी सीडी अडखळते. आपल्या घरच्या सीडीत उखाणा सतराला 'उमाजीराव, उमाजीराव, उमाजीराव' असे तीनदा येऊन मग दूधभात येतो.

५. आता प्रिंटरविषयी. गेल्या गुरुवारी काकू व मी भाजीला गेलो नव्हतो. आम्ही रिक्षाने सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो होतो, हे आज लेखी कळवीत आहे. तेथे जे पाहिले ते असे. लेझर प्रिंटरमधून सीडी जात नाही. एक छोटे यंत्र सीडीवर थेट छापते, पण एकाच रंगात आणि नुसती अक्षरे, म्हणजे पुन्हा आमचे घोडे तिथेच. तिसरा इंकजेट, त्याला सीडी ठेवायचा वेगळा ट्रे. पांढऱ्या पाठीच्या सीडीवर तो रंगीत फोटो थेट छापतो, स्टिकर नाही, डिंक नाही. या जातीचे दोन प्रिंटर दुकानदाराने काकूंचा फोटो छापून दाखवले. पहिल्यातून निघालेली सीडी पाहून काकू भर दुकानात म्हणाल्या, अगं बाई, या मशिनीनं मला निळी केली! दुकानदार "अम्मा, अच्छाच दिखरा," म्हणत राहिला, पण त्या ऐकेनात. दुसऱ्याने त्यांना त्यांच्या रंगाचे ठेवले. तोच आम्ही निवडला आहे. खर्च माझा, प्रिंटर माझ्या घरी राहील, मंडळाची फक्त मान्यता हवी. शाई एक दिवस वाळू देईन आणि हळदीकुंकू पाकिटाला लावावे अशी चिठ्ठी जोडीन.

६. सीडी नष्ट करण्याचे कारण आपण 'तांत्रिक' असे लिहिले आहे. महोदय, कारण तांत्रिक नाही, हे आपणही जाणता. काकांना जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाला काकूंना कोणी बोलावत नाही आणि उखाणा घ्या असेही कोणी म्हणत नाही. त्यांचा आवाज सवाष्णींच्या वाणात वाटला गेला, म्हणून चार माणसे आपल्याला चार शब्द बोलली, हे माझ्या कानावर आहे. मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. काकूंनी नवऱ्याचे नाव जन्मात कधी साधे घेतले नाही. 'हे' म्हणाल्या, नाहीतर आपल्या नावाने 'प्रतापचे वडील' म्हणाल्या. नाव घेतले ते फक्त उखाण्यात. उखाणे थांबले तसे ते नावही थांबले होते. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दुपारी अकरा वर्षांनी ते त्यांच्या तोंडून निघाले आणि त्या लाजल्या. मी मटार सोलायची थांबले, तेवढीच एक जागा रेकॉर्डिंगमध्ये शांत आहे.

७. सीडी परत करण्याची मुदत १५ तारखेपर्यंत आहे. आज १३ तारीख. चाळीसपैकी एकही सीडी परत आलेली नाही, हिम्मतरावांचीही नाही. आपल्या घरातलीही नाही. रोज दुपारी तीनला खालून माझ्या फरशीतून 'उमाजीराव' तीनदा ऐकू येते. त्या वेळी आपल्या सौ. जयवंतावहिनी शाळेत शिकवीत असतात, तेजस कॉलेजात असतात आणि काकू करंट लागेल म्हणून रिमोटला हात लावीत नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून दुपारी घरी कोण असते, हे मी या अर्जात लिहीत नाही.

तरी सूचना मागे घ्यावी, प्रिंटरला मान्यता द्यावी आणि पाडव्याच्या कार्यक्रमात नव्या सीडी भामाकाकूंच्याच हाताने वाटल्या जाव्यात, ही कळकळीची विनंती. उत्तर लेखी नसले तरी चालेल, जिन्यात सांगितले तरी पुरे.

आपली नम्र, आणि वरच्याच मजल्यावरची,

(सही)
सौ. अनुराधा दिलीप आठल्ये
अंबरपेठ, दि. १३ फेब्रुवारी २००६

सोबत :
१. निळी झालेली सीडी, तुलनेसाठी.
२. मऊ कापूस, एक पुडी.
३. निवडलेल्या प्रिंटरवर छापलेली नमुना सीडी. आपल्या सीडीवरचा चेहरा निघाला असल्याने ही घरी ठेवून घ्यावी. हिच्यात नाव एकदाच येते, म्हणून जुनीही टाकू नये.