इसिद्रोच्या शिक्षेचा कागद

बियोबियो नदीकाठचा किल्ला, चिली
१२ जुलै १८१४

ती. कासिल्दाअक्कास धाकट्या लेओकादियाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे या थंडीत कसे आहेत? मेंढीची चरबी चोळतेस ना? भावजींच्या खोकल्याचं वाचून वाईट वाटलं (पण चिरूट सोडले नाहीत हेही वाचलं, म्हणून फार नाही). इकडे सगळं ठीक. छप्पर तीन ठिकाणी गळतंय, बटाटे काळे पडलेत, आणि आपल्या इसिद्रोला गोळी घालायची शिक्षा झाली आहे.

घाबरू नकोस, नीट सांगते. पोरगा बंडवाल्यांना मिळाला हे तुला ठाऊकच आहे. मे महिन्यात त्यांचा निरोप घेऊन नदी उतरून चालला होता. जायचं ना मग गुपचूप? पण माझ्या हातचं घेवड्याचं कालवण खायला परसदारी आला, आणि हवालदार किन्योनेसच्या तावडीत सापडला. (हवालदारही कालवणासाठीच आला होता.) किल्ल्यात लेफ्टनंट हगवणीने आडवा, म्हणजे अधिकारी एकच, आमचे हे. बापानेच पोराचा न्याय करायचा! यांचा स्वभाव तुला माहीत आहे. तीस वर्षं राजाची चाकरी केली, कप्तानाचे मेजर काही झाले नाहीत, पण नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. गणवेशाची सगळी बटणं लावून बसले. "नाव?" म्हणाले. "तुम्हीच ठेवलंत की," इसिद्रो म्हणाला. हवालदार लिहीत होता, त्याने विचारलं, "बापाचं नाव काय लिहू, साहेब?" हे छताकडे बघत म्हणाले, "लिही, माहीत नाही." मी दाराशीच होते. हातात पळी, तशीच आत शिरले. "माहीत नाही म्हणजे? सव्वीस वर्षं माझ्या शेजारी कोण घोरतंय मग?" सगळे हसले. इसिद्रो तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हे हसले नाहीत. शिक्षा वाचून दाखवली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

पण अशा शिक्षेला मुख्य छावणीची मंजुरी लागते. कागद खेचरावरून गेला आणि बारा दिवसांनी परत आला, सही नव्हती म्हणून. (यांची! जे धुण्याच्या यादीवरसुद्धा हुद्द्यासकट सही करतात.) दुसऱ्या खेपेला तारीख चुकलेली. तिसऱ्या खेपेला नाव 'इसिद्रा' पडलं, तर छावणीने विचारलं, बाईला गोळी घालायचं काही खास कारण? मी अवाक्षर काढलं नाही. फक्त दर खेपेला यांच्या ताटात एक अंडं जास्त वाढलं, आणि यांनी ते मान खाली घालून खाल्लं. आमच्या संसारात इतकं प्रेमाचं बोलणं आजवर झालं नव्हतं. आता चौथा कागद गेलाय. त्यात काय चूक घातली ते सांगत नाहीत, नुसता मिशीला पीळ देतात. इसिद्रो कोठडीत खाऊन खाऊन जाडा झालाय, पहारेकऱ्यांना पत्त्यांत हरवतो.

भावजींना नमस्कार.

तुझी,
लेओकादिया

ता. क. : जमल्यास लोकर पाठव. काळी, राखाडी नको.

आणखी एक ता. क. : वरचं पत्र यांनी वाचलं, दोन शब्द सुधारले, आणि खेचरवाल्याची वाट बघत फाटकाशी गेलेत. आता खरं लिहिते. चौथा कागद २९ जूनला आला, अक्का. चूक होती, पण छावणीतल्या कुणा कारकुनाने ती स्वतःच दुरुस्त करून मंजुरी घेतली, आणि सोबत एक परका मेजर पाठवला. नेताना इसिद्रो मला म्हणाला, "आई, बाबांना काही बोलू नकोस हं." गोळी झाडायचा हुकूम मेजरने दिला. हे सगळी बटणं लावून शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "कागद अजून कसा आला नाही गं?" तेव्हापासून रोज पोराचं ताट वाढायला लावतात. मी ते कोठडीत नेते, आणि हवालदार किन्योनेस रडत रडत संपवतो.

पुढच्या आठवड्यात नवा कप्तान येतोय. मी यांना घेऊन तुझ्याकडे येते. एकच खोली दे, पुरेल. फक्त भावजींना नीट बजावून ठेव. यांनी विचारलं तर म्हणावं, कागद आला होता, चूक निघाली, परत पाठवला.