अप्पांची दुधाची पिशवी

गुरुवार, संध्याकाळचे सात

आज अप्पांनी दूध आणलं. स्वतः, चालत, वाटेत दोनदाच थांबून. मी मुद्दाम दहा पावलं मागे राहिले होते.

काउंटरवरून पिशवी उचलताना दुकानदाराला म्हणाले, "आज विसरलो नाय बरं का." तो हसला. मला मान वर करवेना.

चार महिन्यांपूर्वी ते दुधाची पिशवी ह्याच काउंटरवर विसरून आले, तेव्हा मी त्यांना परत नेलं आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मग त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं. दम लागतो, बसून राहा. किती काळजी घेते मी, असं वाटायचं. खरं तर त्यांच्या चालीने चालायचा मला कंटाळा यायचा. सातपूरला कारखान्यात धूळ खात राबलेला बाप, त्याला मी खुर्चीत बसवून ठेवलं.

दम वाढला तेव्हा त्यांना फुफ्फुसांच्या व्यायामवर्गात नेलं. तिथल्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नुसतं बसवून ठेवलं की दम आणखी लवकर लागतो, विसरणंही वाढतं. चालवा त्यांना." मी मान डोलावली. पिशवीचं काही सांगितलं नाही.

आता त्यांना सगळे व्यायाम क्रमाने पाठ आहेत. औषधांच्या वेळासुद्धा.

घरी आल्यावर धीर करून म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी मी दुकानात जे बोलले..."

पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "कधी? मला काय आठवत नाय."