दादा, सही करण्याआधी दोनदा वाच

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बस डेपोच्या हरवले-सापडले खिडकीवरून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे थोरले बंधू, यापुढे ‘दादा’, यांना मी कर्ज काढून तर्कशास्त्र शिकायला गेले त्या दिवसापासून या मुद्द्यावर शंका आहे. ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या मुलाला. तो प्लंबर आहे. त्याने घराचा ताबा घेण्यापूर्वी स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त करावा. “आई, रविवारी बघतो” हे वाक्य या कलमापुरते ग्राह्य धरले जाणार नाही.

२. माझी कापसाची गादीही मुलालाच. त्याच्या लेकीने विद्यापीठात जायचे नाव काढल्यापासून तो उठता-बसता “अंथरूण पाहून पाय पसरावे” म्हणतो आहे. अंथरूण घे बाबा, आणि पसर.

३. डेपोच्या लिलावात घेतलेल्या बेवारस छत्र्या समोरच्या बिऱ्हाडातल्या शिंप्याला. मात्र त्याने माझी शिडी परत केली तरच. शिडी कुठली हे त्याला चांगले ठाऊक आहे.

४. पदवी. लॅमिनेट केलेली असल्यामुळे ती मोरीच्या खिडकीच्या फुटक्या काचेजागी उत्तम बसली आहे. काढू नये, पाणी आत येईल. डेपोच्या खिडकीवरच्या नोकरीसाठी ‘कोणताही पदवीधर’ हवा होता, म्हणून पदवीमुळे नोकरी लागली आणि नोकरीच्या पगारातून पदवीचे हप्ते गेले. वजाबाकी केली तर हाती शून्य उरते, हे दादाने माझ्या लग्नात मांडवात उभे राहून सांगितले होते. नवरदेवाला त्याने एकच प्रश्न विचारला, “हप्ता कोण भरणार?”

५. दादाविषयी. माझ्या कर्जाला जामीनदार दादा होता. नवे सलून, दोन खुर्च्या, आणि बँकेच्या कागदावर सही. मला काही झाले तर हप्ते त्याच्या डोक्यावर, हे त्याला सही केल्यावर कळले. तेव्हापासून दर महिन्याच्या सहा तारखेला, म्हणजे हप्त्याच्या आदल्या दिवशी, तो दुकान बंद करून माझ्याकडे येऊ लागला.

“जीभ काढ.”

“दादा, मी ठणठणीत आहे.”

“ते जीभ सांगेल. काढ.”

जीभ, नखे, डोळ्यांच्या खालच्या पापण्या. मी स्टुलावर चढायचे नाही, पोहायचे नाही, मोटारसायकलवर मागे बसायचे नाही. बाळंतपणात तो दवाखान्याच्या जिन्यात रात्रभर बसला आणि बाहेर आलेल्या नर्सला म्हणाला, “बाळ नंतर सांगा, आई कशी आहे?” माझ्या नवऱ्याला हे फार लागले. नवरा वारल्यावर घरात पहिल्यांदा चूल दादानेच पेटवली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिला.

कर्ज माझ्या पन्नाशीत फिटले. फिटल्याचा दाखला दादाने मागून नेला आणि सोनेरी चौकट करून सलूनच्या आरशावर लावला. गिऱ्हाइके त्याला पदवीधर समजतात आणि तो कोणाचा गैरसमज दूर करत नाही. पण सहा तारखेला येणे त्याने थांबवले नाही. विचारले तर म्हणतो, “सवय झालीय. काढ जीभ.”

६. बँकेतली शिल्लक नातीला. तिला मुंग्यांचा अभ्यास करायचा आहे. तिचे वडील म्हणतात, “मुंग्या बघायला कर्ज? आपल्या साखरेच्या डब्यात फुकट आहेत की.” शिल्लक पहिल्या वर्षाला पुरेल; पुढच्याला कर्जच लागेल, आणि महिनाअखेरपर्यंत प्रवेश पक्का केला नाही तर जागा जाईल. म्हणून ही शिल्लक मी मरणाची वाट न बघता उद्याच तिच्या हाती देत आहे.

तिने मला विचारले, “आजी, परवडलं का गं तुला?” मी पैशांत उत्तर काढायला बसले आणि ते येईना. एवढेच खरे की त्या तीन वर्षांत मी रोज सकाळी वर्गाकडे पळत जायची. त्यानंतर आयुष्यात कशाकडेच पळाले नाही. डेपोत काम करून बसकडेसुद्धा नाही. आणि एका माणसाने जन्मभर दर महिन्याला माझी जीभ पाहिली. कर्ज काढले नसते तर दादा मला सणासुदीला भेटला असता. हे मला फार वाटते, म्हणून लिहिले.

७. नातीच्या कर्जाला बँकेला स्वतःचे दुकान असलेला जामीनदार हवा. आमच्यात दुकान एकच आहे. दादाची शपथ अशी: “आता मी फक्त दाढी करतो, सही करत नाही. आपल्याच हाताने पायावर धोंडा एकदा पाडून घेतला, पुरे.” या कागदावर साक्षीदार म्हणूनसुद्धा तो तेव्हा तयार झाला, जेव्हा साक्षीदाराला काही भरावे लागत नाही हे वकिलाने त्याला शपथेवर सांगितले.

८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असेही वकील म्हणाले. सबब दादाला काही नाही. मांडवातल्या वजाबाकीची ही परतफेड समजावी.

ठिकाण: स्वयंपाकघराचे टेबल, गळक्या नळाशेजारी.
तारीख: चालू महिन्याची सहा.

सही: आजी, आई, धाकटी बहीण, पदवीधर.

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची दाई. न वाचता सही केली, चष्मा घरी आहे.

साक्षीदार दुसरा: दादा, सलूनवाला. दोनदा वाचले. शिडी शिंप्याकडे नाही, माझ्याकडे आहे. साक्षीदार म्हणून सही केली. बँकेचा कागदही पाठव. पोरीला म्हणावे, दर सहा तारखेला सलूनवर यायचे, मुंग्या असोत नसोत. जीभ बघायची आहे.