संदर्भ विभागाचं टेबल आणि माझी पीएचडी

३ जून, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. विषय जुनाच: 'डिजिटल युगातील ग्रंथालयीन संदर्भसेवा'. नोंदणीचं सहावं वर्ष. शेवटची मुदतवाढ ऑगस्टअखेर. गाईड मॅडमना पाच प्रकरणं हवीत, दीड तयार आहे. (त्यातलं अर्धं ऋणनिर्देश.) संकल्प: ३० जूनपर्यंत सगळा डेटा हातात. बावीस वर्षं संदर्भ विभागाच्या टेबलाशी बसतोय. वाचकांच्या प्रश्नांना काय तोटा?

६ जून
चार दिवसांत आलेले प्रश्न: चार. संडास कुठे, चार्जिंग कुठे, वाय-फायचा पासवर्ड काय, आणि इथे डोकं टेकून झोपलं तर चालेल का. सुरुवात म्हणून वाईट नाही. पुस्तकं देण्याच्या काउंटरवर मात्र ही गर्दी. तिथल्या बाई येईल त्याच्याशी गप्पा मारत बसतात. शिस्त म्हणून नाही.

१३ जून
प्रश्नावली वाटली. सेहेचाळीस प्रश्न, तीनशे प्रती. परत आल्या सात. एका प्रतीच्या मागे फुली-गोळा खेळलेत. बायकोला म्हटलं, लोकांना ज्ञानाची चाडच उरली नाही. तर म्हणे, "सेहेचाळीस? मी लग्नाआधी तुम्हाला तीनच विचारले होते. त्यातल्या दोनांची उत्तरं अजून यायचीत." हिच्याशी संशोधनावर बोलण्यात अर्थ नाही.

१९ जून
आला! खरा संदर्भप्रश्न आला! ऐंशीच्या घरातले एक आजोबा. त्यांची बायको शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत पहिली आली होती, पेपरात फोटो छापून आला होता. ती गेल्या वर्षी गेली. तिचा लग्नाआधीचा एकही फोटो घरात नाही. वर्ष आठवतं, तारीख नाही. मी त्यांच्याकडून नऊ पानांचा 'माहिती-गरज तक्ता' भरून घेतला. तिसऱ्या पानावर त्यांनी पेन खाली ठेवलं, पण पद्धत ती पद्धत. आठवड्याने या म्हटलं. प्रकरण चार इथेच उभं राहणार.

२० जून, दुपारी
तीन तास ऑनलाइन शोध. इतके जुने अंक कुणी स्कॅन केलेलेच नाहीत. सापडल्या त्या पोहण्याच्या कपड्यांच्या जाहिराती. आता मोबाइल उघडला की त्याच येतात. बायकोने पाहिलं. संशोधन आहे म्हणून सांगितलं. तिने मोबाइल उचलून टेबलावर पालथा ठेवला.

२६ जून
आजोबा वेळेवर आले. मुलाखत रेकॉर्ड करायची होती, नेमकं तेव्हाच ॲपचं अपडेट सुरू झालं. जरा बसा म्हटलं. मान वर केली तर खुर्ची रिकामी, आजोबा काउंटरवर.

बाई विचारत होत्या, "तेव्हा शाळा सुरू होती का हो, आजोबा?"

"नाही, सुट्टी संपत आली होती. बक्षिसाचा कंपास तिने शाळेच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवला होता."

बाई उठल्या, मागच्या खोलीतून त्या वर्षीच्या पेपरांचा बांधलेला गठ्ठा आणला. सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस. पाऊण तासात फोटो. ओल्या केसांची मुलगी, उन्हामुळे डोळे बारीक केलेली. आजोबा कागदाला न टेकवता बोट वरूनच फिरवत राहिले.

माझ्या तक्त्यात 'वाचकाची प्रतिक्रिया' असा रकाना आहे. तो कोराच ठेवला.

२७ जून
मॅडमना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, फोटो शोधला कुणी? "विभागाने," म्हटलं. मॅडमनी चष्मा काढला. मग विचारलं, त्या बाई काही नोंदी ठेवतात का? मी हसलो.

२८ जून
ठेवतात. खणातून अकरा वह्या निघाल्या, दर वर्षाची एक. तारीख, प्रश्न, उत्तर कुठे सापडलं. चार हजारांवर प्रश्न! कशाला लिहिता म्हटलं, तर म्हणाल्या, "पुन्हा कुणी विचारलं तर शोधाशोध नको. न्या ना सर, तुम्हाला उपयोग होत असेल तर."

३० जून, रविवार
ठरल्या दिवशी डेटा हातात! सकाळपासून वाचतोय. शेवटचा रकाना शेऱ्याचा, प्रश्न काउंटरवर का आला त्याचा. पहिल्या वह्यांत: 'सर चहाला.' 'सर मीटिंगला.' सहा वर्षांपूर्वीपासून एकच: 'सर संशोधनात आहेत.' काही महिन्यांनी नुसतंच 'स. सं.' आणि त्याखाली, पानंच्या पानं, 'कित्ता'.

बायकोने विचारलं, सापडलं का काही? हो म्हटलं.

१ जुलै, सोमवार
टेबलावरचा ढीग हलवला. लॅपटॉप बंद. मान वर करून बसलो. एक वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी सरळ माझ्याकडे आली. हातात कागद, त्यावर प्रश्न लिहिलेला. उभा राहिलो. म्हटलं, विचार ना, काय हवंय?

ती म्हणाली, "बाई जेवायला गेल्यात का? मग थांबते मी."

थांबली. चाळीस मिनिटं. माझ्याच समोरच्या खुर्चीत.