तुम्ही न बोललेलं वाक्य

अण्णा,

तुमच्या आवाजाचं काय करायचं ते मला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तुमच्या आवाजासाठी तुमच्या मुलीची सही हवी आहे म्हणे. सकाळपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. कुकर चढवला आणि शिट्टी लावायलाच विसरले. बाल्कनीत गेले, कशाला गेले ते आठवेना, परत आत आले. आई शेवटी वैतागली. म्हणाली, "गो, बस खंय तरी एका जाग्यार, माका गरगराक लागला." बसले, म्हणून हे लिहितेय.

तुमचा फोटो जिच्यात भिंतीवर टांगला होता, ती मालिका पुन्हा सुरू होतेय. नवा भाग, नवी माणसं, घर मात्र तेच. त्यांच्या दिंडोशीच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती, मालिकेची क्रिएटिव्ह, म्हणजे गोष्ट कुठे न्यायची ते बघणारी. माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. इथे कांदिवलीला घर शोधत घामाघूम होऊन आली, पाणी प्यायली आणि थेट मुद्द्यावर. "ताई, सर कमबॅक करतायत!" मला वाटलं कोणी दुसरे सर. तर तुम्हीच. जुन्या भागांतला तुमचा चेहरा आणि आवाज घेऊन कॉम्प्युटर आता नवे अण्णा तयार करतो. ते चालतात, मान हलवतात, लिहून देऊ ते बोलतात. तुम्हाला जेवायला लागत नाही की वेळेवर सोडावं लागत नाही, असं ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं. मग तिने मोबाइल पुढे धरला. "तुम्ही ऐका तर. एकदम झकास झालाय आवाज." झालाय खरा.

तुम्हाला हे आवडलं असतं का? मी तेच ठरवू शकत नाही आणि म्हणून जागेवर बसवत नाही. कारण वाक्यांसाठी तुम्ही किती जीव टाकत होतात ते मी पाहिलंय. दिवसा ऑफिस आणि रजा टाकून शूटिंग, असा तुमचा सगळा संसार. टीव्ही नवा होता तेव्हा तुम्ही न्यायाधीश होतात, "ऑर्डर, ऑर्डर" एवढंच बोलणारे. मग इन्स्पेक्टर, मग चष्मा काढून "आम्हाला माफ करा" म्हणणारे डॉक्टर. केस पिकले तसे बाप झालात. बाप झालात की मरणं आलंच. स्क्रिप्ट हातात आली की आधी स्वतःची वाक्यं शोधायची आणि एखादं कापलेलं दिसलं की त्या दिवशी जेवताना घरात कोणी बोलायचं नाही. मरायची तालीम तुम्ही स्वयंपाकघरातच करायचात, कारण तिथली लादी गार. छातीवर हात, डोळे वर, भिंतीला टेकत खाली. आई हातात पळी घेऊन तुम्हाला ओलांडून जायची. "उठा, माका फोडणी घालूची आसा." तुम्ही उठायच्या आधी, पडल्यापडल्याच, खिडकीकडे बघून सगळे दात दाखवून हसायचात. कोणा जुन्या नटाने तुम्हाला सांगितलं होतं, मेल्याचा सीन झाला की कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं, नाहीतर ते मरण अंगाला चिकटतं. कट झाल्यावर तुम्ही हसल्याशिवाय कोणाला लाइट बंद करू देत नव्हतात.

मग माझं ते झालं. मी दोन बॅगा घेऊन सासरहून परत आले. तुम्ही दार उघडलंत, बॅगा आत घेतल्यात आणि विचारलंत, "जेवलंस काय गो चेडवा?" बस. पुढे काही विचारलं नाहीत. कॉलनीतल्या बायकांनी विचारायचं बाकी ठेवलं नाही, ती गोष्ट वेगळी. त्यातच एक दिवस तुम्ही मला डबा घेऊन साकीनाक्याला बोलावलंत. डबा हे निमित्त होतं, मला घराबाहेर काढायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यात प्लायवुडचा बंगला उभा केला होता. बाहेर लेथचा आवाज सुरू झाला की आतलं शूटिंग थांबायचं. मी मागे खुर्चीवर बसले होते. सीनमध्ये तुमची मुलगी रडत माहेरी येते आणि तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणता, "बाळा, लग्न झालं की सासर हेच मुलीचं घर. परत जा." डोक्यावर हात ठेवलात. पुढे काही बोललाच नाहीत.

दिग्दर्शकाला वाटलं वाक्य विसरलात. परत घेतलं. परत तेच. "काका, एकच लाइन आहे ना यार! बोलून टाका." तुम्ही म्हणालात, "दुसरं काय पण सांगा. मुलीला परत जा म्हणणारा बाप मी नाही करणार." तो हसला. "अहो, ती काय तुमची खरी मुलगी आहे का?" तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "खरी तिकडे डबा घेऊन बसलीय." सगळे माझ्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज विचाराल तर माझ्या आयुष्यात त्याहून मोठं मला कोणी काही दिलेलं नाही. पण तेव्हा मी मान खाली घालून डब्याचं झाकण घट्ट बसवत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमच्या पात्राला हार्ट अटॅक आला. मरायचा सीनसुद्धा दिला नाही हो तुम्हाला. तुमचा फोटो काढला, चंदनाचा हार घातला आणि त्या बंगल्याच्या भिंतीवर टांगला. ते वाक्य तुमच्या जागी मालिकेतल्या काकांनी म्हटलं, मुलगी परत गेली, मालिका जोरात चालली. तुम्ही फोटोवाल्याला थांबवून आणखी एक फोटो काढायला लावलात, गळ्यात तोच हार आणि सगळे दात दाखवून हसू. तो घरी घेऊन आलात आणि दारातूनच म्हणालात, "मेलो बुवा एकदाचा." आईने तो अभद्र फोटो गाद्यांच्या खाली कोंबला. मग कामं कमी होत गेली. काका नखरे करतात, असं तुमच्याबद्दल पसरलं होतं. तुम्ही फोनच्या बाजूची खुर्ची सोडत नव्हतात. एकदा न राहवून मी म्हटलं, अण्णा, माझ्यामुळे गेलं तुमचं काम. केवढे ओरडलात माझ्यावर! "तुझा काय संबंध? वाक्यच भिकार होतं." मी आल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच रागावला होतात आणि मला त्या दिवशी नीट झोप लागली.

तुम्ही खरे गेलात ते हॉस्पिटलात, झोपेत, कसलाही अभिनय न करता. मी किती तरी वेळ तुमच्या तोंडाकडे बघत उभी होते. हसाल म्हणून. नंतर घरी लावायला धड एक फोटो सापडेना, तेव्हा आईनेच गाद्या उचलल्या. भिंतीवर तोच आहे. येणारा माणूस दचकतो. वरून खरा हार घालायला गेले तर आई म्हणाली, "एक आधीच आसा मा फोटोत."

आता ऐका, त्या मुलीने मोबाइलवर काय ऐकवलं ते. नव्या भागात मालिकेतली तीच मुलगी, आता मोठी बाई, घर सोडून निघते आणि स्वप्नात तिचे वडील येतात. तुमचा हात, तुमची किंचित तिरकी मान आणि तुमच्याच आवाजात, "बाळा, सासर हेच मुलीचं घर. परत जा." नव्या गोष्टी यांना सुचतात कुठे? मी म्हटलं, वाक्य बदला, सही करते. ती बिचारी खरंच विचारात पडली. मग म्हणाली, "ताई, अख्खा ट्रॅक त्या लाइनवर उभा आहे ना."

आईला सही हवी आहे, पण तुमच्या कामाच्या कागदांवर वारस म्हणून नाव माझं. साकीनाक्याची गोष्ट तिला ठाऊक नाही असं नाही, उलट तोच तिचा राग आहे. "एका वाक्यापायी माणूस भिंतीर जाऊन बसलो," ती म्हणते. "आता काय व्हया ता बोलांदेत. माका आवाज तरी आयकूक मेळात." तिचे किती दिवस राहिलेत? रोज संध्याकाळी तिला तुम्ही दिसाल. तिला नाही म्हणणारी मी कोण, असं वाटतं, आणि दुसऱ्या क्षणी तो डबा आठवतो. जे वाक्य बोलायला लागू नये म्हणून तुम्ही स्वतःला मारून घेतलंत, ते मी तुमच्या तोंडी घालू? तेही माझ्या सहीने?

नाही. उद्या मी नाही म्हणून कळवणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही आणि हे तिला वाचूनही दाखवणार नाही.

आणि एक. ती मुलगी जाताना तो आवाज माझ्या मोबाइलवर पाठवून गेली. आईने तो कसा लावायचा ते शिकून घेतलंय. मघाशी मी चहा टाकत होते. बाहेरच्या खोलीतून तुमचा आवाज आला, "बाळा." तुम्ही मला जन्मात कधी बाळा म्हणाला नाहीत, चेडवा म्हणायचात. मला माहीत होतं, आईच्या हातात मोबाइल आहे. पुढचं वाक्य काय आहे तेही माहीत होतं.

तरी मी आतून ओ दिली, अण्णा.