शेतात पेरलेले दोन बनियन

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकून घातलाय; नखांत अजून तुमच्याच शेताची माती आहे.) कंबर कशी आहे? फवारणीच्या पंपाचं नोझल शोधायला तुम्ही सगळं घर पालथं घातलंत, असं मामी म्हणाली. एवढा जीव जाळू नका, असेल कुठंतरी सुखरूप.

इकडे प्रयोगशाळेत माझी जी शोभा झाली ती ऐका. तुमच्याकडे मी दोन कोरे सुती बनियन पुरले होते: एक मामीच्या परसात, जिथं औषधाचा थेंब कधी पडला नाही, आणि दुसरा तुमच्या लाडक्या शेतात, जिथं किडीने नुसती जांभई दिली तरी तुम्ही पंप पाठीला लावता. मातीतले जिवाणू सूत खातात. ते जिवंत आणि भुकेले असतील तिथं बनियन फस्त, इतकं साधं गणित. (तुम्ही चारचौघांत विचारलंत, "बनियन पेरून काय उगवणार, लेंगे?" मी हसले, पण लागलं मला ते.) उकरल्यावर परसातून निघाल्या नुसत्या शिवणी. शेतातून मात्र अख्खा बनियन निघाला, आणि तुम्ही तो झटकून म्हणालात, "बघ, माझी माती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही!"

आता नमुना मातीसकट न्यायचा असतो, हे मामीला सांगायचं राहिलं. तिने तो धुतला, इस्त्री केली आणि माझ्या पिशवीत ठेवला. सरांनी घडी उलगडली, नाकाला लावली (साबणाचा वास!) आणि विचारलं, "हा पुरायचा राहिला का?" सगळे हसले, मीही पोट धरून हसले. मग सर चक्क तुमच्या बाजूने बोलायला लागले: परसात भांड्यांचं पाणी जातं, तिथले जिवाणू खाऊनपिऊन वाढणारच, एवढ्यावरून औषधाला दोषी धरता येत नाही. बांधावर तुम्ही हेच ओरडून सांगत होतात. मामा, तुमचं बरोबर होतं, हे लिहिताना हात जड झालाय. पण तो अख्खा बनियन पाहून मला खरंच वाईट वाटलं.

मामीला नमस्कार. कंबर शेकत राहा.

तुमची भाची

ता. क. : खरं काम हे. तुमच्याच शेतातली एक पट्टी या हंगामात औषधाशिवाय सोडा, शेजारी हवं तेवढं मारा. एकच माती, एकच पाणी, दोन बनियन. नाहीतर माझा प्रबंध इथंच बारगळतो.

पुन्हा ता. क. : नाही म्हणायची घाई करू नका. मामीने माझ्या पिशवीच्या तळाशी चिंधीत गुंडाळून काहीतरी दिलं होतं. ते नोझल निघालं. नवं आणायचा विचार असेल, तर आधी तिला विचारा.